मृग लागायच्या आत समुद्र: बडोद्याहून दोन दिवस, आत्याला घेऊन

सुरसागरकाठ | रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बडोद्यात पारा ४२-४३च्या आसपास रेंगाळतोय, दुपारी दांडिया बाजारात चिटपाखरू नसतं. मुलांच्या सुट्टीचे थोडेच दिवस उरलेत. मोठीचा क्लास शाळेच्याही आधी सुरू होतोय, म्हणजे सगळ्यांना एकत्र मिळणारा शनिवार-रविवार आता एकच, हा येणारा.

विचारायचं कारण माझी आत्या. वय ७९, पुण्याला मुलाकडे असते, दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे येते. तिचं लहानपण बिलिमोऱ्याचं. आजोबा गायकवाडी नोकरीत महसूल खात्यात कारकून होते. नवसारी प्रांतात बदली झाली आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावरही ते तिथेच राहिले. परवा रस काढता काढता आत्या वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्याबद्दल सहज म्हणाली, "आम्ही तिथलला बाठे चोखायचो आणि समुद्रातच हात धुवायचो. घरी आल्यावर बोटांना आंबा आणि मीठ दोन्हींचा वास." एवढंच म्हणाली आणि पुन्हा आंबे पिळायला लागली. मला मात्र रात्री झोप लागेना. दर वर्षी ती येते आणि दर वर्षी आम्ही तिला कमाटीबाग, कीर्तिमंदिर आणि नातेवाइकांची घरं दाखवून परत पाठवतो. तिथल काही चंद्रावर नाही, २०० किलोमीटर आहे.

तर प्रश्न असे. तिथलच बरं की दांडी, दमण, कावी-कंबोई? आत्याचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तिचे पाय पाण्यात बुडायला हवेत, ही माझी एकच अट. शिवाय वाटेत या दिवसांतलं ताजं काय खावं, घरी काय आणावं तेही सांगा. गाडी आमची आहे. आम्ही सात जण.

मांडवीकर | रविवार, रात्री १०:४२

आपल्याला सगळ्यात जवळचं खारं पाणी कावी-कंबोईचं. जंबुसरच्या पुढे, दोन तासांत पोचता. स्तंभेश्वर महादेव भरतीला दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा दर्शन देतो. बघायला जरूर जा, पण आत्यांसाठी नको. मही नदी जिथे खंभातच्या आखाताला मिळते तिथलं ते पाणी आहे. खाली गाळ, आणि पाणी बघता बघता चढतं. पाय बुडवून बसायची ती जागा नाही.

आम्ही मागच्या वर्षी वेळ न बघता गेलो होतो. पोचलो तेव्हा महादेव पाण्यात, आणि ओसरेपर्यंत थांबायची सवड नव्हती. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. परतीच्या वाटेवर त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून सांगतो, कुठेही जा, पण भरती-ओहोटी बघून जा.

पाऊणपट | सोमवार, सकाळी ७:०५

मांडवीकर अगदी मुद्द्याचं बोलले. माझं आजोळ मुरूडचं, त्यामुळे हा हिशोब लहानपणापासून तोंडपाठ आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी तीच. चंद्र रोज जवळपास ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, त्या पाऊण तासाचं मूळ हे.

हा हिशोब मुंबई-कोकणचा. वलसाडकडे पाणी त्यानंतर तासाभराने चढतं, आणि खंभातच्या आखातात जितकं आत जाल तितकं आणखी उशिरा.

आता तुमचा शनिवार. पंचांग उघडून बघितलं, षष्ठी आहे. सहा पाऊणे साडेचार, त्यात तासभर मिळवला की साडेपाच-पावणेसहा. म्हणजे तिथलला ऐन संध्याकाळी भरती. शिवाय षष्ठी-सप्तमीची भरती भांगाची असते, पाणी ना फार चढतं ना फार ओसरतं, लाट अंगावर धावून येत नाही. आत्यांसाठी याहून चांगला दिवस महिन्यात दोनदाच येतो. हेच अमावास्येला किंवा पुनवेला गेला असता तर दुपारी रणरणत्या उन्हात उधाण आणि संध्याकाळी पाणी पार लांब, मधे नुसता चिखल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढं चालवणार कोण?

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पुन्हा भरती मिळेल. तरी हा अदमास आहे, निघण्याआधी भरतीचं कोष्टक बघाच.

सुरसागरकाठ | सोमवार, सकाळी ८:३०

पाऊणपट, तुमची पोस्ट आत्याला वाचून दाखवली. ती लगेच म्हणाली, "षष्ठीच ना? मग बरोबर आहे." तिलाही हे माहीत होतं! इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलंच नाही. तिथल नक्की.

सोडेखिचडी | सोमवार, दुपारी १:१५

मासे खाणारे असाल तर याच आठवड्यात जाताय ते उत्तम. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, जुलै संपेपर्यंत तरी नक्कीच. माशांच्या विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला. त्यामुळे मेअखेरीचा ताजा मासा हा मोसमाचा शेवटचा घास. वलसाडच्या बाजारात सकाळी लवकर जा. बोई मिळाली तर सोडू नका. बोंबलाला तिकडे बूमला म्हणतात, आणि लेवटा म्हणजे आपली निवटी, चिखलात उड्या मारते ती. ताजा बोंबील ओळखायचा तर अंग गुलाबीसर आणि तुकतुकीत हवं. पिवळट पडलेला घेऊ नका.

आणि बेगमी विसरू नका. सुके बोंबील, सुकट, मिळाले तर सोडे. पाऊस लागला की वाळवण बंद. आमच्या घरी आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात सोड्याची खिचडी होतेच, आणि ते सोडे मे महिन्यातच डब्यात गेलेले असतात. गाडीत ठेवताना स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आंब्यांपासून लांब.

कारेलीबागेतली | सोमवार, दुपारी ४:००

दादा, मी आईला घेऊन दोनदा गेले आहे, म्हणून बारीकसारीक सांगते.

पहाटे पाचला निघा, ऊन चढायच्या आत सुरत मागे पडलं पाहिजे. भरूचला खारी शिंग घ्या, मुलं वाटभर गप्प बसतात. भरूचच्या पुढे रस्त्याच्या कडेला ताडगोळेवाल्या बायका दिसतील, तिकडे गलेली म्हणतात. सकाळीच खा. साल पातळ आणि बोटाने दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटलं पाहिजे. निबर झालेले पोटाला जड, आत्यांना अजिबात देऊ नका.

तिथलची वाळू काळी आहे. दुपारी अशी तापते की अनवाणी पाऊल टाकवत नाही, लहान मुलांना तर भाजतंच. पाच वाजेपर्यंत खाली उतरू नका, आणि चपला पाण्याच्या कडेपर्यंत घालून जा. घरून प्लास्टिकची हातवाली खुर्ची न्या. घडीची नको, ओल्या वाळूत रुतते आणि कलते. खुर्ची पाण्यात ठेवली की मागे एक माणूस सतत उभं हवं.

खोली तळमजल्याचीच हवी हे फोनवर दोनदा विचारा.

मांडवीकर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

गलेली दक्षिणेकडे. आपल्या बडोद्यात लारीवर ताडफळी म्हणूनच मिळते.

कारेलीबागेतली | सोमवार, संध्याकाळी ६:३५

हो, आणि आईच्या तोंडी ताडगोळे. तिन्ही नावं आमच्या घरात चालतात, वाडगा एकच असतो.

बाईंचा_फळा | मंगळवार, सकाळी ९:१०

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. मुलांसाठी एक काम सुचवते. येताना एक लिटर समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणा. भरतीचं, कमरेएवढ्या पाण्यातलं, म्हणजे वाळू कमी येईल. घरी फडक्यातून गाळून पसरट स्टीलच्या ताटात गच्चीवर ठेवा, वर मलमल बांधा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बडोद्याचं ऊन आहे तोवर चार-पाच दिवसांत ताटात मीठ दिसेल.

वाट थोडी वाकडी करता आली तर नवसारीहून दांडीला जा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी जिथे मूठभर मीठ उचललं तो किनारा दाखवा, आणि मग घरी ताटात मीठ जमू द्या. इतिहासाचा तो धडा त्यांना पुन्हा शिकवावा लागणार नाही. पण आत्यांना दगदग होणार असेल तर दांडी राहू द्या, ती कुठे जात नाही.

छुंदाप्रेमी | मंगळवार, रात्री ९:५०

आंब्याचं कुणीच बोललं नाही! वलसाडी हापूस रत्नागिरीच्या मागून येतो, त्यामुळे मेअखेरीस तो ऐन भरात असतो. गणदेवी-अमलसाडच्या पट्ट्यात वाडीवरूनच घ्या, अर्धे पिकलेले, अर्धे अढीचे, म्हणजे घरी आठवडाभर पुरतात. केसर आपल्याला इथेही मिळेल, तो जूनच्या मध्यापर्यंत चालतो.

आणि राजापुरी कैरी घ्या, मोठी, कडक, रेषा नसलेली. माझ्या आईचं छुंद्याचं प्रमाण: किलोभर कीस, सव्वा किलो साखर, मीठ-हळद. किसाला मीठ-हळद लावून वीस मिनिटं ठेवा, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. पातेल्याच्या तोंडाला मलमल बांधून गच्चीवर. रोज संध्याकाळी आत आणायचं, ढवळायचं, सकाळी पुन्हा वर. सात-आठ दिवसांनी पाक एकतारी झाला की तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची भरड. गॅसवर केलेला छुंदा तासाभरात होतो, पण तो वेगळा पदार्थ. उन्हातल्या छुंद्यात कीस काचेसारखा पारदर्शक होतो, तो गॅसवर तसा होताना मी पाहिलेला नाही.

आत्ता घातलात तर मृगाच्या आत निभेल. एकदा आभाळ भरून यायला लागलं की संपलं.

सुरसागरकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ११:००

मंडळी, जाऊन आलो. तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. भरूचला नर्मदेच्या पुलावर आत्याने काच खाली करायला सांगितली आणि हात जोडले. धाकट्याने विचारलं, नदीला कसला नमस्कार? ती म्हणाली, "आपण हिच्या पलीकडे जाऊन आलेलो आहोत, हे तिला ठाऊक असतं." ताडगोळे अंकलेश्वरच्या पुढे मिळाले. माझ्या मुलीने बारा खाल्ले.

गणदेवीजवळ एका वाडीत थांबलो. मालक वयस्कर गुजराती काका, आत्याशी बोलायला लागले आणि तिने जी अस्खलित गुजराती काढली ती आमच्या बडोदी गुजरातीपेक्षा निराळीच, तिकडच्या हेलाची. काकांनी खाट टाकली, चिकूची फोड हातावर ठेवली. दोन पेट्या हापूस आणि दहा किलो राजापुरी घेतली. पैसे घेतले त्यांनी, पण वर सात-आठ आंबे "बेनसाठी" म्हणून वेगळे पिशवीत दिले.

बिलिमोऱ्यात तिचं घर राहिलेलं नाही, तिथे तीन मजली इमारत आहे. आत्या गाडीतून उतरलीच नाही. म्हणाली, "चल, छोट्या गाडीचं स्टेशन दाखव." बिलिमोरा-वघई नॅरोगेज सयाजीराव महाराजांच्या काळातली, १९१३ सालची, डांगच्या जंगलातलं सागवान आणायला घातलेली. तिथे ती दहा मिनिटं उभी होती. शाळेतून येताना लाकडांच्या थप्प्यांवर बसायच्या म्हणे त्या मैत्रिणी, आणि ताज्या कापलेल्या सागाचा वास परकराला लागायचा. हे आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही, ते तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

तिथलला एक गोष्ट बिनसली. फोनवर दोनदा विचारूनही हॉटेलवाल्याने दुसऱ्या मजल्यावरची खोली हातात ठेवली, तळमजला दुसऱ्याला देऊन टाकलेला. लिफ्ट नाही. आगाऊ भरलेले पैसे सोडून आम्ही बाहेर पडलो. अर्ध्या तासाने जवळच एका साध्या धर्मशाळेत तळमजल्याची, स्वच्छ, पंख्याची खोली मिळाली. कारेलीबागेतली ताई, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी जिन्याच्या बाबतीत अडून राहिलो, नाहीतर "जाऊ दे, चढू हळूहळू" असं आत्याच म्हणाली असती.

पाच वाजता खाली उतरलो. वाळू अजून कोमट होती. खुर्ची पाण्याच्या कडेला ठेवली आणि पाऊणपट, अगदी तुम्ही म्हणालात तसं पाणी सावकाश आमच्याकडे आलं. आधी बोटं, मग घोटे. पावणेसहाला तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं आणि तिथेच थबकलं. लाट आली की पातळ नेसूच्या काठावर पांढरी रेघ उमटायची. खुर्चीमागे आळीपाळीने मी आणि माझी मुलगी.

बायकोने पिशवीतून काकांनी दिलेले आंबे काढले. सातही जणांनी तिथेच, पाण्यातच चोखले. रस कोपरापर्यंत. मग आत्या वाकली, खुर्चीतूनच, आणि दोन्ही हात लाटेत धुतले. मुलांनी तिचं बघून धुतले. धाकट्याने बोटांचा वास घेतला आणि म्हणाला, "आत्याआजी, खरंच दोन्ही वास आहेत." त्यावर तिने त्याला जवळ घेतलं, आणि सूर्य मावळेपर्यंत कुणीच उठलं नाही.

रविवारी सकाळी आई-बाबा आत्याला घेऊन पुन्हा पाण्यापाशी, आणि आम्ही दोघं बाजारात. सोडेखिचडी, बोई मिळाली! धर्मशाळेत चालणार नव्हतं, म्हणून बाजाराजवळच्या एका खानावळीतल्या मावशींनी ती आम्हाला तळून दिली, नुसतं मीठ, हळद, तिखट आणि तांदळाचं पीठ. बडोद्यात बर्फातून आलेला मासा खाऊन आम्हाला चव कळेनाशी झाली होती. सुके बोंबील तिहेरी बांधून, डब्यात घालून आणले, आंब्यांना वास लागला नाही. दांडी यंदा राहिली.

सोमवारी दुपारी रस, बेपडी (दोन पदरी पोळी), सुंठ-तूप. बाठे आणि सालं धुऊन ताकात बेसन लावून आईने फजेतो केला. तो पिऊन आत्या म्हणाली, आंब्याचं सार आणि फजेतो ही सख्खी भावंडं, एकाने ताक घेतलं आणि दुसऱ्याने नारळ.

छुंदा गच्चीवर आहे, आजचा दुसरा दिवस. शेजारी समुद्राच्या पाण्याचं ताट.

सोडेखिचडी | पुढचा मंगळवार, रात्री ११:२५

बोईला दुसरं काही लावलं नाहीत हे फार बरं केलंत. त्या मावशींना माझा नमस्कार सांगायला हवा होता.

पाऊणपट | बुधवार, सकाळी ६:५०

पोस्ट दोनदा वाचली. माझी आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. पाऊणपटीचा हिशोब तिच्याकडून शिकलो, बाकी तिला काय काय माहीत होतं ते विचारायचं राहून गेलं. आत्यांकडून मुलांनी लिहून घ्या. सागाचा वास, लाकडांच्या थप्प्या, सगळं.

छुंदाप्रेमी | शुक्रवार, दुपारी १२:१०

आज सकाळपासून ढग आहेत. छुंदा कसा आहे?

सुरसागरकाठ | रविवार, रात्री ९:१५

शुक्रवारी आणि काल ऊन अर्धंच मिळालं, पण आज कडक पडलं. पाक अजून एकतारी नाही. दोन दिवस लागतील असं आई म्हणते.

मीठ झालं! खरवडून पाच-सहा चहाचे चमचे भरलं. थोडं करडं आणि चवीला जरा कडसर आहे. बाई, कडसर का लागतं?

पाऊणपट, मोठीने वही घातली आहे. रोज रात्री आत्या सांगते, ती लिहिते. नऊ पानं झाली.

बाईंचा_फळा | रविवार, रात्री ९:४०

समुद्राच्या पाण्यात खाण्याच्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचेही क्षार असतात, कडूपणा त्यांचा. मिठागरात मिठाचे खडे बसले की उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. तुम्ही ताट पूर्ण आटवलंत म्हणून तेही मिठातच राहिलं. पुढच्या वेळी तळाशी थोडं पाणी असतानाच मीठ उचला. मुलांना दोन्ही चाखायला द्या, फरक लगेच कळेल.

सुरसागरकाठ | बुधवार, रात्री १०:००

छुंदा आज दुपारी उतरवला. कीस खरंच काचेसारखा झालाय. आत्या परवा पुण्याला निघतेय. तिच्यासाठी बरणी भरायला घेतली तर म्हणाली, "अर्धीच दे, बाकी मुलांना. मला ते मीठ दे." ताटातलं मीठ तिने कागदात बांधून, वर रबर लावून स्वतःच्या औषधांच्या डब्यात ठेवलंय. पुण्यात कैरीच्या फोडीवर घालणार आहे.

मांडवीकर | बुधवार, रात्री १०:३५

हे वाचल्यापासून आमच्याकडेही बोलणं चाललंय. पाऊस धरायच्या आत सासूबाईंना कावी-कंबोईला पुन्हा न्यायचं ठरवलं आहे, या रविवारी. पाऊणपट, तिथला हिशोब सांगाल का?

पाऊणपट | बुधवार, रात्री १०:५०

तिथे माझा हिशोब लावू नका. आखाताच्या इतक्या आत भरती बरीच उशिरा पोचते आणि चढउतारही फार मोठा असतो. देवस्थानाला फोन करून त्या दिवशीच्या वेळा विचारा आणि ओहोटी सुरू झाल्यावर तासाभराने पोचा. म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांदेखत महादेव पाण्याबाहेर येतील. सोबत पाण्याची बाटली, छत्री आणि बसायला काहीतरी न्या.